यूव्ही दिवा घ्यायचाय? पाण्याचा फिल्टर, पेटी, उघडी ट्यूब की कांडी

यूव्ही (अतिनील प्रकाशाचा) दिवा म्हणून दुकानात चार निरनिराळ्या वस्तू मिळतात: पाण्याच्या फिल्टरमधला दिवा, मोबाईल-मास्क ठेवायची पेटी, खोलीत लावायची उघडी ट्यूब आणि हातात धरून फिरवायची कांडी. मराठवाड्यातल्या घराला फिल्टर बहुतेक वेळा उपयोगी पडतो, पेटी क्वचित. ट्यूब घरात नकोच, आणि कांडीवर पैसे घालू नयेत.

जंतू निकामी करतो तो यूव्ही-सी, म्हणजे कमी तरंगलांबीचा अतिनील प्रकाश. पाऱ्याच्या दिव्यात त्याची तरंगलांबी 254 नॅनोमीटर असते, एलईडीत साधारण 260 ते 280. नोटा तपासायचा जांभळा दिवा 365 किंवा 395 नॅनोमीटरचा असतो, त्याचा इथे उपयोग नाही. यूव्ही-सी डोळ्यांना दिसत नाही, त्यामुळे जांभळा उजेड पडतोय म्हणून काम होतंय असं समजू नका. खोक्यावर तरंगलांबी छापलेली नसेल तर वस्तू परत ठेवा. दुसरी गोष्ट मात्रेची. प्रकाशाची तीव्रता गुणिले वेळ म्हणजे मात्रा. पिण्याच्या पाण्यासाठी प्रति चौरस सेंटीमीटर 40 मिलिज्यूल ही मात्रा पक्की मानली जाते.

पाणी: यूव्ही, आरओ, उकळणं की क्लोरीन

आधी पाणी कुठलं ते बघा. जायकवाडीसारख्या धरणाचं, शुद्धीकरण होऊन नळाला येणारं पाणी असेल आणि टीडीएस (पाण्यात विरघळलेले एकूण क्षार, लिटरमागे मिलिग्रॅममध्ये) 500 च्या आत असेल, तर गाळाचा फिल्टर, कार्बन आणि यूव्ही एवढं पुरतं. बोअरचं पाणी असेल तर विकत घेण्याआधी तपासून घ्या. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेत नमुना देता येतो. लिटरमागे फ्लोराइड 1.5 मिलिग्रॅमच्या वर, नायट्रेट 45 च्या वर किंवा टीडीएस 2000 च्या वर आला तर नुसता यूव्ही चालणार नाही. तो जंतूंना मारतो, विरघळलेलं काहीच काढत नाही. उकळूनही फ्लोराइड जात नाही. तिथे आरओ, म्हणजे दाबानं अतिबारीक पडद्यातून पाणी गाळणारं मशीन लागतं. दुकानदाराच्या टीडीएस मीटरवर फ्लोराइडही कळत नाही आणि जंतूही कळत नाहीत, हे ध्यानात असू द्या.

गरज नसताना आरओ घेऊ नका. घरगुती आरओ एक लिटर पाणी देताना साधारण दोन-तीन लिटर बाहेर टाकतो. घरात रोज 10 लिटर पिण्याचं पाणी लागत असेल तर 20 ते 30 लिटर वाया. एप्रिल 2016 मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, त्या भागात हा हिशेब किरकोळ नाही. आरओ घ्यावाच लागला तर बाहेर पडणारं पाणी फरशी आणि संडाससाठी बादलीत धरा.

यूव्हीच्या तीन अटी आहेत: गढूळपणा 1 एनटीयूच्या (गढूळपणा मोजायचं एकक) आत, लोह लिटरला 0.3 मिलिग्रॅमच्या आत आणि कठीणपणा, म्हणजे पाण्याचा जडपणा, शक्यतो लिटरला 120 मिलिग्रॅमच्या आत. पाणी गढूळ असेल तर कणांच्या आडोशाला जंतू वाचतात. म्हणून टँकरचं किंवा पहिल्या पावसानंतरचं पाणी तुरटी फिरवून, निवळून, वरचंच फिल्टरला घालावं. आपल्याकडच्या काळ्या खडकातल्या बोअरचं पाणी बहुधा जड असतं. गीझरच्या कॉइलवर बसतो तोच पांढरा थर दिव्याभोवतीच्या क्वार्ट्झच्या नळीवर बसतो आणि प्रकाश पाण्यापर्यंत पोचत नाही. मशीन चालू, दिवा चालू, आणि जंतू जिवंत!

ती नळी जड पाण्यात दर तीन महिन्यांनी साफ करावी. प्लग काढा, पाणी बंद करा, दिवा आणि नळी अलगद बाहेर घ्या. पेलाभर पाण्यात चमचाभर सायट्रिक ॲसिड टाका, मऊ कापड त्यात भिजवून पुसा, मग साध्या पाण्यानं धुवा. घासणी लावू नका. काचेला उघडी बोटं लावू नका, डाग राहतात. रबरी रिंग नीट बसवून आधी पाणी सोडा, गळती नाही हे बघा, मगच लाईट द्या. दिवा साधारण 8000 ते 9000 तास चालला की बदलायचा. त्यानंतरही तो पेटतो, पण यूव्ही-सी कमी पडलेला असतो.

घेताना दुकानातच एक चाचणी करा. पाणी चालू असताना प्लग काढायला सांगा. धार लगेच थांबली पाहिजे. थांबली नाही तर लाईट जाईल तेव्हा बिनशुद्धीचं पाणी पेल्यात येईल.

जड पाण्यावर एक चांगला उपाय अशोक गाडगीळ यांच्या ‘यूव्ही वॉटरवर्क्स’मध्ये आहे. मुंबईत जन्मलेल्या या भौतिकशास्त्रज्ञांनी 1990 च्या दशकात तो बनवला. त्यात दिवा पाण्यात बुडवलेला नसून वर हवेत टांगलेला असतो, खालून पाणी वाहतं. काचेवर थर बसण्याचा प्रश्नच मिटतो. घरगुती मशीन मात्र बहुतेक बुडत्या नळीचीच मिळतात.

लोडशेडिंग लांबलं तर उकळणंच खरं. खळखळून उकळी फुटल्यावर एक मिनिट पुरे. नळ आठवड्यानं येतात तिथे ड्रममधल्या साठ्याला मेडिक्लोर (क्लोरीनचं द्रावण) हवं, बाटलीवर लिहिलेल्या मापानं. क्लोरीनचा अंश पाण्यात राहून पुढेही राखण करतो. यूव्हीचा असा काही अंश उरत नाही. उलट क्रिप्टोस्पोरिडियमसारखा परजीवी क्लोरीनला दाद देत नाही, तो यूव्हीनं निकामी होतो. म्हणून साठ्याला क्लोरीन आणि पिण्याच्या तोंडाशी यूव्ही, ही जोडी आम्हाला सगळ्यात भरवशाची वाटते. फिल्टरचं पाणी त्या दिवसापुरतंच काढा, तोटीच्या माठात झाकून ठेवा. हात बुडवला की सगळी मेहनत पाण्यात.

पेटी

मोबाईल, चष्मा, किल्ल्या यांना चालते. दार उघडताच दिवा विझतो का, आत चकचकीत ॲल्युमिनियम आणि जाळीचा कप्पा आहे का, एवढं बघा. यूव्ही-सी साध्या काचेतून किंवा प्लास्टिकमधून आरपार जात नाही, त्यामुळे बाळाच्या बाटलीचा आतला भाग पेटीत सुटू शकतो. बाटली उकळाच. कपड्यांना गरम पाणी आणि ऊन पुरेसं.

खोलीतली ट्यूब

30 वॅटच्या उघड्या ट्यूबची तीव्रता एक मीटरवर प्रति चौरस सेंटीमीटर सुमारे 0.1 मिलिवॉट असते. त्या अंतरावर 40 मिलिज्यूल व्हायला साधारण सात मिनिटं लागतात. आणि माणसासाठी 8 तासांची मर्यादा म्हणून फार वर्षं वापरात असलेली 6 मिलिज्यूलची मात्रा तिथेच एका मिनिटात संपते. त्या वेळी काही जाणवत नाही. 6 ते 12 तासांनी डोळ्यांत वाळू गेल्यासारखं खुपतं, पाणी वाहतं, कातडी लाल होते. शिवाय पलंगाखाली, कपाटामागे, धुळीच्या थराखाली प्रकाश पोचतच नाही. घरात टीबीचा रुग्ण असेल तर खिडक्या उघड्या ठेवा, औषधाचा कोर्स पूर्ण करा. छतालगत बसवायचे खास यूव्ही दिवे असतात, पण ते प्रशिक्षित माणसानं मोजमाप करून बसवायचे असतात.

ट्यूब आधीच घेतली असेल तर बटण आणि टायमर खोलीबाहेर बसवा, आत माणूस, जनावर, झाड ठेवू नका आणि बंद केल्यावर खोलीत हवा खेळू द्या. ओझोन करणारी ट्यूब तर घरात लावूच नका.

कांडी

समजा कांडी वस्तूजवळ प्रति चौरस सेंटीमीटर 0.5 मिलिवॉट देते. मग 40 मिलिज्यूलसाठी तळहाताएवढ्या जागेवर 80 सेकंद ती न हलवता धरावी लागेल. जाहिरातीत ती पाच सेकंदांत अख्ख्या गादीवरून फिरते. त्यात मुलांच्या हाती लागली तर डोळ्यांना धोका. हात किंवा अंगावर तर कुठलाच यूव्ही दिवा धरू नये.

पाऱ्याचा दिवा फुटला तर खिडक्या उघडून 15 मिनिटं खोलीबाहेर थांबा. केरसुणी फिरवू नका, तुकडे जाड कार्डानं उचला, बारीक चुरा चिकटपट्टीनं टिपा, ओल्या कागदानं फरशी पुसा आणि सगळं झाकणाच्या बरणीत बंद करून ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या. घंटागाडीत टाकू नका.