लॉक लोमंडचं कॅम्पिंग परमिट: घ्यावं कुणी, टाळावं कुणी

पाचपैकी साडेतीन तारे. अर्धा तारा संडासापायी गेला, एक कशापायी ते पुढे येईलच.

स्कॉटलंडमध्ये कुठेही तंबू ठोका, कुणी विचारत नाही, असं इथल्या मराठी व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणी ना कुणी छातीठोक सांगतंच. ते अर्धं खरं आहे. 2003 च्या जमीन सुधारणा कायद्याने मोकळ्या रानात फिरण्याचा आणि मुक्कामाचा हक्क दिला आणि 2005 पासून तो अमलात आहे. पण जबाबदारीने वागलात तरच तो हक्क, असं कायद्यातच म्हटलंय. हलका तंबू, मोजकी माणसं, एका जागी दोन-तीन रात्री. घरं, रस्ते आणि जुन्या वास्तूंपासून लांब. पीक किंवा गुरं असलेल्या कुंपणाच्या शेतात अजिबात नाही. मोटारगाडीला तर हा हक्क लागूच होत नाही. त्यामुळे डिकीतून आठ माणसांचा तंबू, फोल्डिंग टेबल आणि बिर्याणीचं पातेलं उतरवून तळ्याकाठी ठाण मांडायचं आणि वर कायदा दाखवायचा, हे चालत नाही.

लॉक लोमंड या तळ्याकाठी नेमकं हेच होत आलं, कारण ग्लासगोहून गाडीने तासाभरात काठावर पोचता येतं. सोडून दिलेले तंबू, बाटल्यांच्या काचा, सरपणासाठी तोडलेली ओली झाडं. म्हणून 2011 मध्ये आधी पूर्व किनाऱ्यावर निर्बंध आले आणि 1 मार्च 2017 पासून लॉक लोमंड आणि ट्रोसाक्स राष्ट्रीय उद्यानात चार पट्टे आखले गेले. 1 मार्च ते 30 सप्टेंबर या काळात त्या पट्ट्यांत परमिट किंवा कॅम्पसाइटचं बुकिंग नसताना तंबू लावणं हा गुन्हा आहे, दंड 500 पौंडांपर्यंत. हे पट्टे उद्यानाच्या जेमतेम 4 टक्के जागेवर आहेत. बाकी ठिकाणी जुना हक्क शाबूत आहे. अडचण एवढीच की गाडी उभी करून दोन मिनिटांत पाण्याला हात लावता येईल अशा जागा बहुतेक त्या 4 टक्क्यांतच आल्या.

आता परमिटबद्दल. उद्यानाच्या संकेतस्थळावर पट्टा निवडायचा, त्यातला परमिट एरिया निवडायचा, तारीख आणि तंबू किती ते भरायचं, पैसे द्यायचे. 2017 मध्ये एका तंबूला एका रात्रीचे 3 पौंड होते. दर नंतर वाढला, तरी ही रक्कम मनाला लावून घेण्याजोगी नाही. प्रत्येक एरियात ठरावीकच परमिटं देतात आणि या सेवेतली सगळ्यात चांगली गोष्ट हीच. भर जुलैच्या शनिवारीही शेजारच्याच्या घोरण्याचा आवाज तुमच्या तंबूत येत नाही.

परमिट एरिया म्हणजे आखून दिलेला प्लॉट नव्हे. नकाशावरच्या हद्दीत सपाट जागा तुम्हीच शोधायची, म्हणून उजेडात पोचा. जूनमध्ये रात्री दहापर्यंत दिसतं, मार्चमध्ये नाही. काठावर बरेचदा गोटे असतात. तंबूसोबत मिळणाऱ्या तारेच्या बारीक खुंट्या त्यात वाकतात, नाहीतर वाऱ्याच्या पहिल्या झोताला उपटून येतात. वाय आकाराच्या ॲल्युमिनियमच्या खुंट्या घ्या, आठ-दहा पुरतात. दोऱ्यांवर दगड ठेवलेत तर निघताना होते तिथे परत ठेवा.

बहुतेक परमिट एरियांत पाणी नाही, संडास नाही, कचरापेटी नाही. संडास आणि पाणी हवंच असेल तर लॉक चॉन किंवा लॉक आख्रे इथली उद्यानाची कॅम्पसाइट बुक करा. लहान मुलं बरोबर असतील तर तेच बरं. माझा अर्धा तारा यासाठीच कापला. माणसं एका जागी गोळा करायची आणि खड्डा ज्याचा त्याने खणावा म्हणायचं, हे जरा अतिच आहे. असो, तर खणायचा कसा: पाण्यापासून निदान 30 मीटर, म्हणजे मोठी चाळीस पावलं, लांब जायचं. हातखुरप्याने साधारण 15 सेंटिमीटर खोल खड्डा घ्यायचा आणि वरची गवताची ढेप अखंड बाजूला काढून ठेवायची. काम झालं की माती लोटून तीच ढेप वर दाबायची. वेट वाइप्स पुरायचे नाहीत. पुष्कळांत प्लास्टिकचे धागे असतात, ते कुजत नाहीत आणि कोल्हा-कुत्रा उकरून वर काढतो. दुहेरी झिपलॉक पिशवीत भरून ते परत न्यायचे.

फोडणीच्या तेलाचं भांडं तळ्यात विसळायचं नाही. आधी पोळीच्या तुकड्याने पुसून घ्या, मग थोड्या पाण्यात धुवून ते पाणी त्याच 30 मीटरच्या हिशेबाने जमिनीवर पांगवा. संत्र्याची, केळ्याची सालंही परत न्यायची. इथल्या थंडीत ती महिनोन्महिने तशीच पडून राहतात.

सुपरमार्केटात मिळणारं ॲल्युमिनियमच्या ट्रेचं वापरून फेकायचं बार्बेक्यू घेऊच नका. ट्रेचा तळ गवत करपवतो, आणि खाली पीटची, म्हणजे कुजक्या शेवाळाची, माती असेल तर आग जमिनीच्या आतून धुमसत राहते. वरून पाणी ओतलं की विझल्यासारखी वाटते, पण विझलेली नसते. गॅसची शेगडी घ्या, सपाट दगडावर ठेवा. कांदेपोहे त्यावर उत्तम होतात.

आता तो राहिलेला एक तारा. परमिट तारीख आणि जागा बांधून देतं. सामान कसलं आणलंय याच्याशी त्याला देणंघेणं नाही. मागे पडून राहतात ते तंबू बहुतेक स्वस्तातले. फायबरग्लासची काठी पहिल्या वाऱ्यात चिरते, रात्रभर पाऊस लागतो, सकाळी वारा पडला की मिज चिलटांचे थवे उठतात, आणि ओलं जड कापड लहानशा पिशवीत कोंबण्यापेक्षा ते तिथेच टाकून गाडीत बसणं सोपं वाटतं. शिवाय पाठीवर सगळं सामान घेऊन वेस्ट हायलँड वे ही लांब पल्ल्याची पायवाट चालणाऱ्यालाही तोच नियम, तेच पैसे. पावसाने एक दिवस मोडला की आगाऊ काढलेली तारीख वाया. 2003 चा कायदा खरं तर अशा चालणाऱ्यांसाठी होता.

चालणाऱ्यांनी परमिटच्या भानगडीत न पडलेलं बरं. पूर्व किनाऱ्यावरचा पट्टा रोवार्डेनन या वस्तीच्या थोडं उत्तरेला, टार्मिगन लॉजपाशी संपतो. तिथून पुढे तुम्ही, तुमची सॅक आणि 2003 चा कायदा. (लंडनकडच्यांसाठी: इंग्लंडमध्ये असा हक्क फक्त डार्टमूरच्या सामायिक माळरानांवर आहे. मे 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो कायम ठेवला.)

चिलटांसाठी एक सांगतो: ताशी दहा-बारा किलोमीटर वारा असला की ती उडत नाहीत. तेव्हा झाडीच्या आडोशाची ऊबदार जागा सोडून टोकावरची, वाऱ्याची जागा धरा, डोक्यावर घ्यायची जाळी खिशात ठेवा. आणि बांधकामाचा राडारोडा भरायची एक जाड पिशवी न्या. सकाळी घड्या घालत बसू नका. ओला तंबू तसाच तिच्यात कोंबा, गाठ मारा, घरी आल्यावर न्हाणीघरात वाळत टाका.