डेस्मॉस: इन्व्हर्स फंक्शन तपासायला भारी, पण पेन खाली ठेवू नका

अकरावी-बारावीच्या पोरांचं गणित घरी घेत असाल तर डेस्मॉस हे ग्राफ काढायचं ॲप मोबाईलमध्ये टाकूनच ठेवा. फुकट आहे, ॲप एकदा टाकलं की नेट नसलं तरी चालतं. ग्राफ काढायला सगळेच वापरतात, मी सांगतोय ते एकाच कामाबद्दल, दोन फंक्शन एकमेकांची इन्व्हर्स आहेत का, म्हणजे एकानं केलेलं दुसरं उलटवतं का, ते कंपोझिशन करून, म्हणजे एकात दुसरं घालून परत एक्सच मिळतो का ते बघून तपासणं.

पहिल्या ओळीत एफ म्हणून २एक्स + ३ टाका, दुसरीत जी म्हणून (एक्स − ३)/२, आणि तिसरीत नुसतं एफ(जी(एक्स)) लिहा, लगेच वाय = एक्स ची तिरकी रेघ येते. यात काय विशेष, हे तर तोंडीही जमतं. मजा पुढे आहे. एफ ला एक्सचा वर्ग द्या, जी ला वर्गमूळ. एफ(जी(एक्स)) ची रेघ शून्यापासून उजवीकडे अर्धीच निघते आणि उलटं, जी(एफ(एक्स)) घातलं की सरळ व्ही, म्हणजे मॉड एक्स, उणे चिन्ह काढून टाकलेला एक्स! दोन्ही बाजूंनी तपासा रे म्हणून कितीही घसा कोरडा केला तरी पोरं एक बाजू करून मोकळी होतात, त्यांना हे दोन रंगांत दाखवा, जास्त बोलावं लागत नाही. मग एफ च्या पुढे महिरपी कंसात एक्स ≥ ० टाकलं की व्ही चा डावा पाय गायब, डोमेन, म्हणजे एक्सला चालणाऱ्या किमती, कापायचं कशासाठी ते तिथल्या तिथे कळतं.

इन्व्हर्स अजून काढलाच नसेल तर एक्स = एफ(वाय) लिहा, आरशातला ग्राफ तयार.

आता खटकतं ते. हे चित्र काढतं, सिद्ध काही करत नाही. (४एक्स + ३)/(६एक्स − ४) हे बारावीचं नेहमीचं गणित घ्या, हे स्वतःचंच इन्व्हर्स आहे. एफ(एफ(एक्स)) काढलं की छान सरळ रेघ दिसते पण एक्स = २/३ ला फंक्शनच नाही, ते भोक नुसतं बघून कळत नाही. एफ(एफ(एक्स)) सोडवल्यावर वर ३४एक्स, खाली ३४, म्हणून एक्स, ही स्टेप हातानंच लिहायची, पेपर तपासणारा मार्क त्यालाच देणार. आकडेमोड करून एक्स असं उत्तरच हवं असेल तर जिओजेब्रा या दुसऱ्या ॲपचं कॅस, म्हणजे अक्षरांची आकडेमोड करणारा भाग, बघा, ते सिम्प्लिफाय करून देतं, दिसायला मात्र डेस्मॉस सुटसुटीत.

माझ्याकडून ५ पैकी ४. त्यातला अख्खा एक स्टार साइन इन्व्हर्ससाठी, आर्कसाइन(साइन एक्स) टाकलं (आर्कसाइन म्हणजेच साइन इन्व्हर्स) की झिगझॅग येतो आणि साइन इन्व्हर्स ऑफ साइन २π/३ चं उत्तर २π/३ नसून π/३ का, ते त्या झिगझॅगवर बोट ठेवून दाखवता येतं. फक्त आधी पान्याच्या चिन्हावर टॅप करून रेडियन आहे ना बघा. डिग्री असेल तर स्क्रीनवर −१० ते १० मध्ये सरळ रेघच दिसते आणि पोरगं म्हणतं, बघा, बरोबरच होतं की माझं.