जुन्या लॅपटॉपला नवी बॅटरी: एक पावसाळा आणि आंब्याचा एक सीझन काढल्यावर

देवगडात माझं ऑनलाईन फॉर्म आणि झेरॉक्सचं दुकान आहे. लॅपटॉप 2018 सालचा. लाईट गेली तरी हातातला फॉर्म पूर्ण व्हावा, एवढीच त्याच्याकडून अपेक्षा, आणि गेल्या वर्षी नेमकं तेच होईना. चाळीस टक्के दाखवताना स्क्रीन काळी. मधूनच चार्जर लावलेला असूनही ‘नॉट चार्जिंग’. रिपेअरवाल्याने झाकण न उघडताच निकाल दिला, “बॅटरी गेली हा, नयी घालूक व्हयी.” निकाल अर्धाच बरोबर निघाला.

पैसे घालण्याआधी विंडोजचा बॅटरी रिपोर्ट काढा. कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘पॉवरसीएफजी’, मग एक जागा सोडून स्लॅश आणि ‘बॅटरीरिपोर्ट’, अर्थात सगळं इंग्रजी अक्षरांत. तयार झालेली फाईल ब्राउझरमध्ये उघडते. त्यात ‘डिझाइन कपॅसिटी’ (नवी असताना बॅटरीत किती मावायचं) आणि ‘फुल चार्ज कपॅसिटी’ (आता किती मावतं) हे दोनच आकडे बघायचे. माझे होते 48,000 आणि 19,000 मिलीवॅट-अवर. म्हणजे बॅटरी खरंच संपलेली. सेल जुने झाले की आतला रोध वाढतो. व्हिडिओ कॉलसारखं जड काम आलं की व्होल्टेज एकदम पडतं आणि टक्के शिल्लक असतानाच मशीन बंद. पूर्ण चार्ज करून, उतरवून, परत भरायचं ते ‘कॅलिब्रेशन’ फक्त टक्क्यांचा हिशोब सुधारतं, गेलेली ताकद परत आणत नाही.

‘नॉट चार्जिंग’ची भानगड मात्र वेगळीच होती. माझ्या अ‍ॅडॅप्टरच्या गोल तोंडात मधोमध सुईएवढी पिन आहे. काही लॅपटॉप तिच्यावरूनच अ‍ॅडॅप्टर ओळखतात. ओळख पटली नाही तर मशीन चालतं, पण बॅटरी भरत नाही. मोबाईलच्या टॉर्चमध्ये बघितलं तर पिनेवर हिरवट कीट. खाडीवरचा वारा, दुसरं काय. अ‍ॅडॅप्टर सॉकेटमधून काढून आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेली कापसाची बारीक काडी फिरवली, नीट वाळू दिली. तक्रार बंद. नुसती बॅटरी बदलली असती तर ती तशीच राहिली असती.

ओरिजिनल बॅटरी मिळेना, म्हणून कंपॅटिबल, म्हणजे दुसऱ्या कंपनीची पण याच मॉडेलला बसणारी घेतली. घेताना लेबलवर बीआयएसचा (भारतीय मानक ब्युरोचा) शिक्का, आयएस 16046 हा बॅटरीच्या सुरक्षिततेच्या मानकाचा क्रमांक आणि ‘आर’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक बघितला. लेबलवर 48 वॅट-अवर (म्हणजे 48,000 मिलीवॅट-अवर), रिपोर्टमध्ये सुरुवातीला 45 च्या आसपास, आता 41. दुकानाच्या कामाला तीन तास सहज निघतात. ओरिजिनलपेक्षा लवकर झिजते आहे, पण पैशाच्या मानाने मी समाधानी आहे.

80 टक्क्यांवर चार्जिंग थांबवा, हा सल्ला सगळीकडे वाचाल. शास्त्र खरं आहे: लिथियम सेल भरून 4.2 व्होल्टला ताटकळत ठेवला, त्यात उकाडा, की लवकर झिजतो. पण हा सल्ला जिथे लाईट जात नाही तिथला. मे 2021 मध्ये तौक्ते वादळ आलं तेव्हा 80 टक्क्यांचं कौतुक कुणाला असणार होतं? मी उन्हाळ्यात मर्यादा 80 ठेवतो. जूनमध्ये किंवा वादळाचा इशारा आला की सरळ 100. बॅटरी थोडी लवकर झिजण्यापेक्षा एखाद्या पोराचा अ‍ॅडमिशनचा फॉर्म अडकणं महाग.

दोन कुरबुरी आहेत. स्लीपमध्ये ठेवलं की रात्रभरात बरीच उतरते, म्हणून हायबरनेट वापरतो; त्यात उघडं काम डिस्कवर साठवून मशीन बंद होतं. आणि शेवटच्या दहा टक्क्यांवर माझा भरवसा नाही. तिथे आल्यावर सेव्ह करून मोकळा होतो.

टचपॅड वर उचललेला वाटला किंवा लॅपटॉप टेबलावर डुगडुगायला लागला, तर बॅटरी फुगली समजा. चार्जर काढा, मशीन बंद करा, बॅटरी दाबायची नाही की टोचायची नाही. जुनी काढलेली बॅटरी ओल्या-सुक्या कचऱ्यात टाकू नका. टोकांवर चिकटपट्टी लावून ई-कचरा घेणाऱ्याकडेच द्या.