सेरेनगेटीतला फोटो आणि साताऱ्यातील पक्षी-ओळख वर्ग

साताऱ्यात पोवई नाक्याजवळ रविवारी सकाळी भरणाऱ्या पक्षी-ओळख वर्गाला मी सलग चार आठवडे गेलो, त्याविषयीचा हा अभिप्राय आहे. टांझानियातील सेरेनगेटीच्या माळावर बाभळीच्या शेंड्यावर टिपलेल्या एका पक्ष्याचा फोटो माझ्याकडे वर्षभर पडून होता. पाठ चांदीसारखी राखाडी आणि खालची बाजू नारिंगी असल्यामुळे मी त्याला आपल्याकडचा टिकेलचा निळा माशीमार समजून बसलो होतो.

मार्गदर्शक मॅडमनी नाव लगेच सांगितले नाही आणि मला हेच सर्वांत आवडले. त्यांनी आधी पोट पाहायला लावले. टिकेलच्या माशीमाराच्या छातीवरचा नारिंगी रंग खाली विरतो आणि पोट पांढरे असते. माझ्या फोटोत तो रंग गळ्यापासून थेट शेपटीच्या मुळापर्यंत उतरला होता, आणि शेपूटही चांगलीच लांब होती. हा सिल्व्हरबर्ड, पूर्व आफ्रिकेच्या काटेरी झुडपांच्या माळांवरचा माशीमार. आपल्या चांदीचोच मुनियाशी त्याचा काही संबंध नाही. रुपेल या जर्मन अभ्यासकाने 1840 मध्ये त्याचे वर्णन केले. ‘एम्पिडॉर्निस’ या प्रजातीत ही एकच जाती आहे, मात्र काही अभ्यासक तिला काळ्या माशीमारांच्या ‘मेलेनॉर्निस’ प्रजातीत धरत आले आहेत.

वर्गीकरणाचा तास तर फारच रंगला. इंग्रजी नावात माशीमार असूनही आपला स्वर्गीय नर्तक त्या कुलातला नाही, आणि एके काळी कस्तुरांमध्ये गणला जाणारा दयाळ मात्र डीएनएच्या अभ्यासानंतर माशीमारांच्या कुलात आला आहे, हे ऐकून घराच्या कुंपणावर रोज गाणाऱ्या दयाळाकडे मी नव्याने पाहू लागलो.

तक्रार एकच, पण ती महत्त्वाची आहे. खोलीचे पडदे पातळ असल्याने नऊनंतर प्रोजेक्टरवरचे चित्र फिकट पडते, आणि जिथे राखाडी व निळा यांतलाच फरक पाहायचा असतो तिथे मागच्या रांगेतील मुलांना दोन्ही सारखेच दिसतात. आयोजकांनी जाड पडदे तातडीने लावावेत.

चार रविवारांचे 600 रुपये शुल्क मला योग्य वाटले. जाणाऱ्यांनी आपले फोटो मूळ आकारातच न्यावेत. व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेल्या प्रतीत चोचीची कड फुटते आणि मग मॅडमनाही नेमके काही सांगता येत नाही.