मिनीफोर्ज, आठ महिन्यांनंतर: दारव्हा तालुक्यातून

मृग लागायच्या आधी, जूनच्या पहिल्या आठवड्यात लॅपटॉपवर मिनीफोर्ज टाकलं, म्हणजे पायथन या संगणकभाषेची पॅकेजेस जुळवून बसवणारं साधन. आता तुरी निघाल्या, म्हणजे आठ महिने झाले. या काळात ते रोज उघडलं आणि तीन वेळा चांगलंच अडलं. तिन्ही वेळा वाट सापडली. गावात बसून उपग्रहाच्या चित्रांवर काम करणाऱ्यांनी यातलं काय घ्यावं आणि कुठे जपावं, हे मराठीत लिहून ठेवावंसं वाटलं.

माझं काम पाणलोटाचं. ज्या गावांत शेततळी झाली, नाले खोल झाले, तिथे पऱ्हाटी आणि तूर किती दिवस हिरवी राहते हे मी सेंटिनेल-२ च्या चित्रांवरून पाहते. ही चित्रं युरोपीय अवकाश संस्था फुकट देते. त्यातल्या लाल आणि अवरक्त पट्ट्यांचा एक ठिपका १० बाय १० मीटरचा असतो, म्हणजे सातबाऱ्यावरचा बरोबर एक आर. शेतकऱ्याला हे एवढं सांगितलं की पुढचं समजावावं लागत नाही. तो स्वतःच ठिपके मोजायला बसतो.

ही चित्रं वाचायला जीडॅल ही नकाशांच्या फाइली उघडणारी लायब्ररी लागते. सुरुवातीला मी ती पायथनसोबत येणाऱ्या साध्या पिप या इन्स्टॉलरने टाकायला गेले. विंडोजवर पिप जीडॅलचा फक्त पायथनचा भाग आणतं. त्याच्या खाली सी++ मधली मोठी लायब्ररी लागते आणि ती तुमच्या मशीनवर आधीच आहे असं धरून चालतं. नसली की तिथल्या तिथे जुळणी करायला बघतं आणि 'व्हिज्युअल सी++ १४.० किंवा त्यापुढचं हवं' असं सांगून थांबतं. त्यामागे गिगाबाइटांनी डाउनलोड. दोन संध्याकाळी गेल्यावर मी तो नाद सोडला.

मिनीफोर्जमधल्या कोंडा या इन्स्टॉलरचं वेगळेपण इथेच आहे. ते पायथनच्या पॅकेजसोबत खालची सी++ लायब्ररीसुद्धा तयार करून आणतं आणि कोणती आवृत्ती कोणाशी जुळते हे आधी तपासतं. मिनीफोर्ज म्हणजे कोंडा आणि तेच काम वेगाने करणारा मांबा, दोन्हींसकट येणारा लहान इन्स्टॉलर. तो कोंडा-फोर्ज या समुदायाने चालवलेल्या भांडारातूनच पॅकेजेस घेतो. पूर्वी कोंडाची जुळवाजुळव फार वेळ खायची अशी तक्रार असे. २०२३ च्या २३.१० आवृत्तीपासून त्यात मांबाचा वेगवान सॉल्व्हर, म्हणजे आवृत्त्या जुळवणारा भाग, मुळातूनच आला. माझ्या ८ जीबी रॅमच्या मशीनवर जुळवणीची अडचण कधी आली नाही.

अडचण आली ती रेंजची. आमच्याकडे फोन खिडकीच्या गजाला बांधून हॉटस्पॉट करावा लागतो, आणि लाइन गेली की टॉवरही मलूल होतो. अर्धवट उतरलेल्या पॅकेजमुळे 'चेकसम जुळत नाही' ही चूक मी आठवड्यात चारदा पाहिली. तेव्हा 'कोंडा क्लीन' देऊन अर्धवट फाइली काढायच्या आणि तीच आज्ञा परत द्यायची. पूर्ण उतरलेली पॅकेजेस त्यात जातील अशी भीती वाटत असेल तर फक्त ती खराब फाइल पॅकेजेसच्या फोल्डरमधून हाताने काढली तरी चालते. कॉन्फिग फाइलमध्ये वाट पाहण्याची मुदत मुळात ६० सेकंद असते आणि परत प्रयत्न ३ वेळा. मी ते ३०० आणि १० केले, एका वेळी एकच फाइल उतरव असं सांगितलं, आणि पहाटे चार वाजता 'फक्त डाउनलोड' हा पर्याय लावून ठेवू लागले. विंडोजवर गणितासाठी एमकेएल नावाचं पॅकेज आपोआप येतं, ते एकटंच १०० एमबीच्या वर आहे. त्याऐवजी ओपनब्लास मागितलं तर तेवढा डेटा वाचतो. माझ्या कामात वेगाचा फरक मला जाणवला नाही.

आता त्या तीन अडचणी.

पहिली ऑगस्टमधली. ढग फाटून एक स्वच्छ चित्र मिळालं होतं, पावसाळ्यात असं चित्र म्हणजे सणच. नवीन एन्व्हायरन्मेंट (एका कामापुरता पॅकेजेसचा वेगळा संच) करून चित्र उघडायला गेले तर उत्तर आलं, ही फाइल ओळखीच्या प्रकारातली नाही. तीच फाइल जुन्या एन्व्हायरन्मेंटमध्ये उघडत होती. शेजारच्या गावच्या सहकाऱ्याचाही त्याच दिवशी फोन आला, "ताई, काऊन जी, चित्रच उघडत नाही म्हनते हे!" मला वाटलं डाउनलोड खराब झालं. अडीच तास परत परत चित्र उतरवण्यात गेले. मग ती लाल अक्षरं शेवटपर्यंत वाचली. खाली सरळ लिहिलं होतं की ही फाइल जेपी२-ओपनजेपेग या ड्रायव्हरने उघडली असती, पण त्याचा प्लगइन तुमच्याकडे नाही, आणि तो टाकायची आज्ञासुद्धा तिथेच दिली होती.

कारण असं. २०२४ मध्ये जीडॅल ३.९ च्या सुमारास कोंडा-फोर्जने जीडॅलचे तुकडे केले. गाभा वेगळा, आणि एचडीएफ५, नेटसीडीएफ, जेपी२ असे फाइलींचे प्रकार वाचणारे भाग वेगळे. ज्याला जे लागेल तेवढंच घ्यावं, म्हणून. आमच्यासारख्या मोजून डेटा वापरणाऱ्यांना हे सोयीचंच आहे. पण सेंटिनेल-२ ची मूळ चित्रं नेमकी जेपी२ मध्येच येतात. चित्रं वाचायला वापरतात ते रास्टेरिओ हे पायथन पॅकेज टाकलं की जीडॅलचा फक्त गाभा येतो. तेव्हा हे काम करणाऱ्यांनी 'लिबजीडॅल-जेपी२ओपनजेपेग' हे नाव पहिल्याच यादीत लिहून टाकावं.

दुसरी अडचण जास्त खोल होती, आणि ती आमच्या जिल्ह्याच्या भूगोलाला चिकटलेली आहे. ७८ अंश रेखांश यवतमाळ जिल्ह्याच्या मधून जातो. नकाशासाठी पृथ्वीचे उभे पट्टे पाडणाऱ्या यूटीएम पद्धतीत तिथे पट्टा बदलतो. दारव्हा, दिग्रस, पुसद ४३ मध्ये. यवतमाळ शहर, पांढरकवडा, वणी ४४ मध्ये. त्यामुळे जिल्ह्याचा एक नकाशा करायचा म्हटलं की अर्धी चित्रं एका पट्ट्यातून दुसऱ्यात बदलून घ्यावी लागतात. अकोल्यात किंवा चंद्रपुरात बसलेल्याला एवढी वेळ येत नाही, आम्हाला पहिल्याच दिवशी येते. हे बदलण्याचं काम प्रोज नावाची लायब्ररी करते आणि तिची सगळी माहिती प्रोज-डीबी या एका फाइलमध्ये असते.

सप्टेंबरात एका प्रकल्पासाठी लॅपटॉपवर एक डेटाबेस सॉफ्टवेअर टाकलं. दुसऱ्या दिवसापासून पट्टा बदलायला गेलं की चूक: ही प्रोज-डीबी दुसऱ्याच प्रोजची आहे, तिची आवृत्ती जुनी आहे. झालं होतं असं की त्या सॉफ्टवेअरने विंडोजच्या सिस्टीम व्हेरिएबलमध्ये स्वतःच्या प्रोजचा पत्ता लिहून ठेवला होता. एन्व्हायरन्मेंट नीट 'ॲक्टिव्हेट' केलं तर कोंडा स्वतःचा पत्ता वर चढवतो आणि काम सुरळीत चालतं. मी मात्र रोजची स्क्रिप्ट ठरल्या वेळी काम सुरू करणाऱ्या शेड्यूलरमधून थेट पायथनने चालवत होते. ॲक्टिव्हेट न करता चालवलं की जुना पत्ता लागू होतो. म्हणूनच हाताने केलं की चालायचं आणि पहाटे आपोआप चाललं की पडायचं. चार दिवस मला हाच फरक उमगत नव्हता. शेवटी दोन्हीकडून तो व्हेरिएबल छापून पाहिला, तेव्हा दोन वेगळे पत्ते समोर आले. आता शेड्यूलरमध्ये 'कोंडा रन' लिहिलं आहे, ते आधी ॲक्टिव्हेट करून मग स्क्रिप्ट चालवतं, आणि तेव्हापासून एकही पहाट चुकली नाही.

तिसरी लवकर सांगते. घाईत एक छोटं पॅकेज पिपने टाकलं, त्याने नमपाय हे आकडेमोडीचं पॅकेज बदलून टाकलं. नमपाय २.० जून २०२४ मध्ये आलं, आणि १.x वर जुळवलेली जुनी पॅकेजेस त्यावर चालत नाहीत. एका आज्ञेने सगळं एन्व्हायरन्मेंट गेलं. दुरुस्त करत बसण्यापेक्षा मी ते पुसून नवं केलं. पिप वापरायचंच असेल तर सगळं कोंडाने टाकून झाल्यावर, अगदी शेवटी. आणि मिनीफोर्जसोबत येणाऱ्या 'बेस' या मूळ एन्व्हायरन्मेंटमध्ये काहीही टाकू नका. प्रत्येक कामाचं एन्व्हायरन्मेंट वेगळं.

खटकतं ते दोन ठिकाणी. माझं एक एन्व्हायरन्मेंट डिस्कवर अडीच जीबीच्या आसपास भरतं, लहान डिस्कवर हे जड आहे. आणि चुकांचे संदेश लांबलचक इंग्रजीत येतात. ज्या मुलामुलींना मी हे शिकवते, ती पहिली ओळ वाचूनच दबकतात. कामाची गोष्ट बहुतेक वेळा शेवटच्या चार ओळींत असते, म्हणून मी त्यांना खालून वर वाचायला लावते.

सगळ्यात जास्त उपयोगाची निघाली ती गोष्ट मात्र मी दिवाळीनंतर शिकले. 'कोंडा लिस्ट'ला 'एक्सप्लिसिट' जोडलं की त्या एन्व्हायरन्मेंटमधल्या प्रत्येक पॅकेजचा नेमका पत्ता एका साध्या फाइलमध्ये उतरतो. ती फाइल आणि पॅकेजेसचं फोल्डर पेनड्राइव्हवर घेऊन मी सहकाऱ्याच्या गावी गेले. त्याच्याकडेही विंडोजच होतं, ते आवश्यक आहे, कारण विंडोजची यादी लिनक्सवर चालत नाही. फोल्डर त्याच्या मिनीफोर्जमध्ये टाकलं, 'ऑफलाइन' लावून आज्ञा दिली. त्याच्या घरी त्या दिवशी फोनला एक काडीही रेंज नव्हती. चहा येईपर्यंत एन्व्हायरन्मेंट उभं राहिलं. त्याने ऑगस्टचं तेच चित्र उघडलं, स्वतःच्या वावरावर नेलं आणि बांधाकडचा एक फिका ठिपका दाखवून म्हणाला, "इथं पानी साचते, तूर जळली माही."

या हंगामाचे आकडे देईपर्यंत मी काहीच अपडेट करणार नाही. नव्या जीडॅलसाठी वेगळं एन्व्हायरन्मेंट आहे, ते उन्हाळ्यात तपासेन.