अ‍ॅस्ट्रोपाय की एखाद्या संशोधन गटाचा कोड: मोकळा वेळ कुठे द्यावा?

पायथन आणि गिट येतं, सुट्टीच्या दिवशी थोडा वेळ निघतो आणि खगोलशास्त्राच्या संशोधनाला हातभार लावायचा आहे, तर साधारण दोन वाटा दिसतात: अ‍ॅस्ट्रोपाय, सनपाय यांसारख्या खगोलशास्त्रासाठीच्या, सगळ्यांना खुल्या असलेल्या पायथन लायब्रऱ्यांवर काम करणं, किंवा विद्यापीठातल्या एखाद्या गटाला थेट त्यांच्या कोडमध्ये मदत करणं. मी दोन्ही केलं आहे.

थेट मदतीची ओढ जास्त असते. समोर पीएचडी करणारं कुणीतरी असतं आणि प्रश्न खरा असतो. विजेच्या तारांमुळे येणाऱ्या गोंगाटातून पल्सारचा, म्हणजे वेगाने फिरणाऱ्या मृत ताऱ्याचा, सिग्नल कसा वेगळा काढतात, हे मी तिथेच शिकलो. लायब्ररीत एवढं विज्ञान कानावर पडत नाही.

माझं अडलं ते डेटापाशी. दुर्बिणीची निरीक्षणं सुरुवातीला प्रस्ताव देणाऱ्यांच्याच हक्काची असतात. पुणे जिल्ह्यातल्या खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीत ही मुदत १८ महिन्यांची आहे. नियम रास्तच आहे. पण बाहेरच्या माणसाला मूळ फाइल मिळत नाही. मी कोड पाठवायचा, तिकडे सवडीने कुणी तो चालवायचा आणि मला एररचा स्क्रीनशॉट यायचा, तोही अर्धा कापलेला. कृत्रिम डेटा बनवला, पण खऱ्या निरीक्षणातलं अर्धवट हेडर (फाइलच्या सुरुवातीची निरीक्षणाची माहिती) किंवा मध्येच बंद पडलेला अँटेना त्यात कुठून येणार? पुढे थीसिसची घाई सुरू झाली आणि उत्तरंही थांबली.

अ‍ॅस्ट्रोपायमध्ये चाचण्या कोडसोबतच असतात. पुल रिक्वेस्ट टाकली की काय मोडलं ते लगेच कळतं, कुणाची वाट पाहावी लागत नाही. रिव्ह्यू कडक असतो; छोट्या दुरुस्तीलाही टेस्ट आणि चेंजलॉगमध्ये नोंद मागतात, आणि कुणाला ते जाचक वाटू शकेल. मला ते आवडलं. एककं, आकाशातले निर्देशांक, फिट्स फाइली (खगोलशास्त्रातला डेटा ठेवण्याचा नेहमीचा प्रकार) यांसाठी जो तो आपापला कोड लिहीत होता, म्हणून २०११ मध्ये हा प्रकल्प सुरू झाला. तिथली एक दुरुस्ती कितीतरी गटांच्या कामी येते.

अर्थात ज्याची त्याची आवड. गटाचा डेटा आधीच खुला असेल, तर माझी तक्रार उरत नाही. अ‍ॅस्ट्रोसॅट या भारताच्या अवकाश दुर्बिणीची बरीच निरीक्षणं इस्रोच्या संग्रहातून कुणालाही उतरवून घेता येतात. गटाशी बोलताना एवढंच आधी विचारा: फाइल माझ्या हातात येईल का? नाही म्हणाले, तर मी अ‍ॅस्ट्रोपायमध्ये नवख्यांसाठी खूण केलेल्या इश्यूंपासून सुरुवात करेन.