मायएसक्यूएल वर्कबेंच : जिनिंगच्या कामात वापरून पाहिलं

हिंगणघाटकडच्या एका जिनिंगसाठी कापूस खरेदीचं सॉफ्टवेअर बनवलं. गाडी, काटापट्टी (वजनाची पावती), प्रत, चुकारा (मालाचे द्यायचे पैसे), सगळं त्यात. आधी मी वहीत चार रेघा ओढून थेट डेटाबेसची टेबलं (माहितीचे तक्ते) बनवायचो आणि भर हंगामात रात्र रात्र दुरुस्त्या करायचो. या वेळी मायएसक्यूएल वर्कबेंचमध्ये, म्हणजे डेटाबेस आखायच्या सॉफ्टवेअरमध्ये, आधी टेबलांची आकृती काढली.

ती छापून दिवाणजींपुढे ठेवली. चुकाऱ्याची रक्कम आणि तारीख मी काटापट्टीच्याच चौकटीत टाकली होती. त्यांनी तिथंच बोट ठेवलं. "एका गाडीचे पैसे एकदाच देतो म्हून कोनं सांगतलं भाऊ तुमाले? अर्धे आज, अर्धे पंधरा दिवसानं."

चुकाऱ्याचं वेगळं टेबल केलं, एकास अनेक नात्याची (एक काटापट्टी, अनेक चुकारे) रेघ ओढली, फॉरेन की, म्हणजे एका टेबलाला दुसऱ्याशी जोडणारा रकाना, आपोआप आली. हीच चूक गेटवर कापसाच्या बैलबंड्यांची रांग लागल्यावर सापडली असती तर काय झालं असतं, या विचारानं अजून धडकी भरते.

'फॉरवर्ड इंजिनिअर' केलं की आकृतीवरून एसक्यूएल, म्हणजे टेबलं बनवायच्या आज्ञा, तयार. जुन्या डेटाबेसवरून उलट आकृतीही निघते. कम्युनिटी आवृत्ती फुकट आहे, आकृती काढायला इंटरनेट लागत नाही. स्क्रीन आणि पावत्यांचा कोड मात्र आपणच लिहायचा.

रेघ ओढताना आधी चुकाऱ्यावर क्लिक, मग काटापट्टीवर, म्हणजे ज्यात फॉरेन की जाणार ते टेबल पहिलं. हे हाताला बसायला मला दोन दिवस लागले. एकट्यानं काम करणाऱ्यांनी जरूर घ्यावं.